आरसा, भिंग आणि डोळा : ‘प्रतिमा’ या शब्दाचा एक पूर्वेतिहास

साहित्यसमीक्षेच्या परिभाषेकडे किंचित परकेपणाने पाहिले, तर तिचे प्रकाशशास्त्राशी असलेले नाते ध्यानात येते. प्रतिबिंब, प्रतिमा, दृष्टिकोन, दृष्टिक्षेप हे शब्द आपण रोज वापरतो. ‘साहित्य हा समाजाचा आरसा आहे’ हे विधान तर शालेय निबंधापासून पदव्युत्तर परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेपर्यंत सर्वत्र भेटते. त्यावर मतभेद होतात ते साहित्य आणि समाज या दोन शब्दांवरून. आरसा म्हणजे काय, हे सर्वांना ठाऊकच आहे असे गृहीत धरले जाते. आमचे म्हणणे असे की, ते तितकेसे ठाऊक नाही. आरशात काय असते, भिंगामागे काय पडते आणि डोळ्यात काय घडते या तीन प्रश्नांची उत्तरे शोधायला मानवजातीला सुमारे दोन हजार वर्षे लागली. आणि जे उत्तर अखेर हाती आले, ते आपल्या रूपकांमध्ये अद्याप पुरतेपणी उतरलेले नाही.

आरंभ ग्रीकांपासून करू. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास यूक्लिडने दृष्टीवर एक ग्रंथ रचला. त्याची मांडणी भूमितीच्या धर्तीची आहे. डोळ्यांतून सरळ रेषेत किरण निघतात, त्यांचा एक शंकू होतो, शंकूचे टोक डोळ्यात आणि पाया पदार्थावर; ज्यावर किरण पडतात ते दिसते, ज्यावर पडत नाहीत ते दिसत नाही. पदार्थ डोळ्याशी जेवढा कोन करतो तेवढा तो मोठा किंवा लहान भासतो. किरणांमध्ये अंतर असते, म्हणून फार दूरची बारीक वस्तू त्यांच्या फटीतून निसटते. आज ही कल्पना बालिश वाटेल. परंतु तिच्यामुळेच दिसण्याचे गणित प्रथम शक्य झाले. आपण ज्याला ‘दृष्टिकोन’ म्हणतो, तो मुळाक्षरांनी वाचला तर यूक्लिडच्या शंकूचा कोनच होय.

ही समजूत केवळ ग्रीकांची नव्हती. न्यायदर्शनात चक्षुरिंद्रिय तैजस मानलेले आहे. ते किरणरूपाने बाहेर जाते आणि पदार्थाला भिडते. इंद्रिय आणि अर्थ यांचा संनिकर्ष झाल्याविना ज्ञान नाही. रात्री हिंडणाऱ्या प्राण्यांचे डोळे चमकताना दिसतात, हा न्यायसूत्रांनी दिलेला पुरावा. बौद्धांना हे मान्य नव्हते. त्यांचा आक्षेप मार्मिक होता : डोळा उघडताच जवळची झाडाची फांदी आणि दूरचा चंद्र एकदमच दिसतात, किरण चालत जात असता तर फांदी आधी आणि चंद्र नंतर दिसला असता. नैयायिकांचे उत्तर असे की, क्रम असतोच, पण तो कळत नाही. कमळाच्या शंभर पाकळ्या एकावर एक ठेवून सुई खुपसली, तर त्या एकदमच भोसकल्या असे वाटते, तसेच हे. या वादात कोणाचे अंती खरे ठरले हे सांगण्यापेक्षा, दृष्टीचा प्रश्न हा प्रामाण्याचा प्रश्न म्हणून किती गंभीरपणे हाताळला गेला हे येथे महत्त्वाचे.

आणि भाषा? भाषेने दोन्ही पक्ष जपून ठेवले आहेत. आपण नजर टाकतो, नजर फेकतो, नजर रोखतो. मुलाला दृष्ट लागते म्हणून मीठमोहऱ्या ओवाळतो. हे सारे प्रयोग डोळ्यांतून काहीतरी बाहेर जाते असे मानणारे आहेत. उलट एखादी गोष्ट डोळ्यांत भरते, नजरेस पडते किंवा नजरेत येते, तेव्हा काहीतरी बाहेरून आत येते. मराठी बोलणारा माणूस एकाच वाक्यात दोन्ही सिद्धान्त वापरतो आणि त्याला त्यात विसंगती जाणवत नाही.

‘बाहेरून आत’ या पक्षाचे जुने रूप ग्रीक अणुवाद्यांत सापडते. प्रत्येक पदार्थावरून अतिशय पातळ साली सतत सुटत असतात, त्या डोळ्यात शिरतात आणि म्हणून पदार्थ दिसतो, असे ते मानीत. रोमन कवी लुक्रेशियस याने आपल्या महाकाव्याच्या चौथ्या सर्गात ही कल्पना विस्ताराने मांडली आहे. तिची अडचण उघड होती. डोंगराची साल एवढ्याशा बाहुलीतून आत कशी शिरणार? आणि एकाच वेळी हजार माणसे डोंगर पाहत असतील तर?

या अडचणीतून वाट काढली ती बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत आयुष्य घालवलेल्या इब्न अल्-हैथम याने. त्याचा काळ साधारण इ. स. ९६५ ते १०४०. ‘किताब अल्-मनाझिर’ हा त्याचा सात भागांचा ग्रंथ. त्याचा युक्तिवाद साध्या अनुभवापासून सुरू होतो. सूर्याकडे पाहिले की डोळा दुखतो. प्रखर उजेडाकडे पाहून डोळे मिटले तरी त्याची खूण काही काळ राहते. म्हणजे डोळ्यावर काहीतरी बाहेरून येऊन परिणाम करते. मग त्याने निर्णायक पाऊल टाकले : पदार्थाची अखंड साल येत नाही; पदार्थाच्या पृष्ठभागावरील प्रत्येक बिंदूपासून सर्व दिशांना प्रकाश निघतो. डोंगर बाहुलीत शिरण्याचा प्रश्न येथे मिटला.

पण त्या जागी दुसरा प्रश्न उभा राहिला. प्रत्येक बिंदूपासून सर्व दिशांना किरण निघत असतील, तर डोळ्याच्या प्रत्येक ठिकाणी समोरच्या प्रत्येक बिंदूचा प्रकाश येऊन पडेल. नाकाचा, कानाचा आणि मागच्या भिंतीचा प्रकाश एकाच जागी कालवला जाईल. मग चेहरा स्पष्ट का दिसतो? इब्न अल्-हैथमने तोड काढली ती अशी : डोळ्याच्या पृष्ठभागावर जे किरण लंबरूपाने पडतात तेवढेच दृष्टीच्या कामी येतात, तिरपे किरण दुर्बळ असल्यामुळे गणतीत नाहीत. अशा लंबकिरणांचा मिळून पुन्हा यूक्लिडचा शंकूच होतो, फक्त उलट दिशेने. हे किरण डोळ्याच्या मध्याशी एकमेकांस छेदले असते तर जग उलटे दिसले असते. म्हणून त्यांना छेदबिंदूच्या अलीकडेच वळवून, क्रम न बिघडू देता, त्याने पुढे नेले. चित्र सुलट ठेवण्याची ही काळजी लक्षात ठेवावी. पुढची पाच-सहा शतके ती कोणालाही सुटली नाही. बाराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास या ग्रंथाचा लॅटिन अनुवाद झाला आणि रॉजर बेकन, विटेलो, पेकम हे सर्व त्याच वाटेने चालले. लिओनार्दोने डोळ्याची अंधाऱ्या खोलीशी तुलना केली खरी, पण डोळ्यात किरण दोनदा उलटले पाहिजेत असाच त्याचा आग्रह होता.

आता आरशाकडे वळू, कारण या साऱ्या काळात ‘प्रतिमा’ म्हणजे मुख्यतः आरशातली प्रतिमा. परावर्तनाचा नियम प्राचीन आहे : किरण आरशावर ज्या कोनात पडतो त्याच कोनात परततो. मेणबत्तीच्या ज्योतीपासून निघालेले किरण आरशावरून उलटून आपल्या डोळ्यांकडे येतात. ते परस्परांपासून दूर होत येतात. त्यांना मागे वाढवले तर त्या रेषा आरशाच्या पाठीमागे, ज्योत जितकी पुढे आहे तितक्याच अंतरावर, एका ठिकाणी मिळतात. ज्योत तेथे दिसते. पण तेथे काही नाही. आरशामागे भिंत असेल, कपाट असेल. तेथे कागद धरला तर त्यावर काहीही उमटणार नाही. दोन माणसे एकच ज्योत एकाच आरशात पाहत असतील, तर प्रत्येकाच्या डोळ्यांत येणारे किरण आरशाच्या निराळ्या भागावरून आलेले असतात. पाहणारा नसेल तर आरशावरून केवळ किरण परततात. प्रतिमा होत नाही. शालेय पुस्तकांत हिला ‘आभासी प्रतिमा’ म्हणतात.

अद्वैत वेदान्ताच्या विवरणप्रस्थानाने हे प्रकरण फार बारकाईने पाहिले होते. त्यांच्या मते आरशातले मुख हा मुखाहून निराळा पदार्थ नाही. ते मूळ मुखच आहे. मिथ्या आहे ते त्याचे आरशात असणे. प्रकाशशास्त्राच्या चौकटीबाहेर, निराळ्याच प्रयोजनाने केलेले हे विवेचन आहे. तरी ‘आरशात काहीही नसते’ हे त्यातून जितके स्पष्ट होते तितके पुष्कळशा पाठ्यपुस्तकांतून होत नाही. ज्ञानदेवांनी चांगदेवास लिहिलेल्या पासष्ट ओव्यांत आरसा आणि मुख यांचा दृष्टान्त येतो, तो याच परंपरेच्या पार्श्वभूमीवर वाचला तर अधिक उलगडतो.

भिंगाची गोष्ट वेगळी. इटलीत तेराव्या शतकाच्या अखेरीस चष्मे घडवले जाऊ लागले. १३०६ साली फ्लॉरेन्समधील एका प्रवचनात जोर्दानो दा रिव्हाल्तो या धर्मोपदेशकाने ही कला निघून वीस वर्षेही झाली नसल्याचे सांगितले आहे. चाळिशी लागलेल्या लेखनिकांची आणि विद्वानांची वाचनाची वर्षे या काचांनी वाढवली. तरीही पुढली तीनशे वर्षे चष्मा का उपयोगी पडतो, याचे समाधानकारक स्पष्टीकरण कोणी दिले नाही. दृष्टीवर लिहिणारे पंडित चष्मा लावून लिहीत असतील, पण त्यांच्या सिद्धान्तात चष्म्याला जागा नव्हती. सोळाव्या शतकात देल्ला पोर्ताने अंधाऱ्या खोलीच्या भोकात भिंग बसवून भिंतीवर बाहेरच्या रस्त्याचे रंगीत, हलते, उलटे चित्र पाडून दाखवले. १५८३ मध्ये फेलिक्स प्लाटर या वैद्याने शरीरविच्छेदनाच्या आधारे असे मांडले की, पाहण्याचे मुख्य इंद्रिय नेत्रभिंग नसून त्यामागचे दृष्टिपटल आहे. हे धागे स्वतंत्रपणे हाती होते. ते गुंफले योहान्नेस केप्लरने.

केप्लर या प्रश्नाकडे आला तो आकाशमार्गे. सूर्यग्रहणात लहान भोकातून पडद्यावर पाडलेल्या प्रतिमेत चंद्राचा व्यास नेहमीपेक्षा कमी भरतो, असे टायको ब्राहेला आढळले होते. चंद्र आकसतो की काय? १० जुलै १६०० रोजी केप्लरने ग्राझ येथे ग्रहणाचे वेध घेतले आणि त्याच्या ध्यानात आले की दोष चंद्राचा नाही, भोकाचा आहे. आपल्याकडे कौलांच्या फटीतून किंवा झाडाच्या पानांतून पडणारे कवडसे सर्वांच्या परिचयाचे आहेत. फट कशीही वेडीवाकडी असो, पुरेशा अंतरावर कवडसा गोल पडतो; ग्रहणाच्या दिवशी तोच कवडसा चंद्रकोरीसारखा होतो. याचे कारण समजून घेण्यासाठी केप्लरने केलेला प्रयोग साहित्याच्या वाचकांना विशेष आवडावा. प्रकाशमान पदार्थाच्या जागी त्याने एक पुस्तक टांगले. खाली, जमिनीच्या वर, अनेक कोपऱ्यांचे भोक असलेली फळी ठेवली. पुस्तकाच्या एका कोपऱ्याला दोरा बांधून तो भोकाच्या कडेकडेने फिरवला आणि जमिनीवर खडूने रेघ ओढली. भोकाची आकृती उमटली. मग दुसरा कोपरा, मग तिसरा, मग कडेवरचे इतर बिंदू. अशा असंख्य भोकाकृती एकमेकींवर पडून एकूण आकार झाला तो पुस्तकाचा. किरण म्हणजे दोरा. प्रतिमा हे कोणते गूढ सत्त्व नसून बिंदूबिंदूंची भूमिती आहे, हे दोऱ्याच्या साहाय्याने कळले.

१६०४ साली प्रसिद्ध झालेल्या, विटेलोला जोड म्हणून लिहिलेल्या ग्रंथाच्या पाचव्या प्रकरणात हीच पद्धत त्याने डोळ्याला लावली. पाण्याने भरलेला काचेचा गोल घेऊन त्याने किरणांचे मार्ग तपासले. निष्कर्ष असा : पदार्थाच्या एका बिंदूपासून निघून बाहुलीत शिरणारे सर्व किरण, केवळ लंबरूप असलेले नव्हेत तर तिरपेही, डोळ्यात वळून दृष्टिपटलावर पुन्हा एका बिंदूत येतात. इब्न अल्-हैथमने टाकून दिलेले किरण येथे कामास आले आणि कालवाकालव आपोआप नाहीशी झाली. म्हणूनच भिंगाचा अर्धा भाग झाकला तरी चित्र अर्धे होत नाही. पुरतेच राहते, फक्त अंधुक होते, कारण भिंगाचा प्रत्येक भाग चित्राच्या प्रत्येक बिंदूला प्रकाश पुरवत असतो. चष्म्याचे कोडेही सुटले. किरण दृष्टिपटलाच्या अलीकडेच एकत्र आले तर लांबचे अंधुक दिसते, तेथे अंतर्वक्र भिंग हवे. ते एकत्र येण्याआधीच दृष्टिपटल आडवे आले तर बहिर्वक्र. केप्लरची स्वतःची दृष्टी अधू होती, हे येथे नोंदवण्याजोगे आहे.

मात्र या उत्तराची किंमत मोजावी लागली. चित्र उलटे पडत होते : वरचे खाली, उजवे डावीकडे. ते पुन्हा सुलटवण्यासाठी आपण स्वतःला किती छळून घेतले, हे केप्लरने नमूद केले आहे. शेवटी त्याने भूमितीचा कौल मानला. चित्र उलटे आहे, तर ते उलटे आहे. त्यानंतर मन ते कसे ग्रहण करते हा प्रश्न आपल्या शास्त्राचा नाही, असे म्हणून त्याने तो निसर्गतत्त्वज्ञांवर सोपवला. आमच्या मते दृष्टीच्या इतिहासातील हा खरा सांधा आहे. पाहणे आणि प्रतिमा पडणे या दोन गोष्टी येथे प्रथम स्वच्छपणे वेगळ्या झाल्या.

केप्लरने त्यासाठी शब्दही वेगळे केले. आरशात किंवा भिंगातून पाहताना नसलेल्या जागी जे भासते त्यासाठी त्याने ‘इमागो’ हा जुना शब्द ठेवला. कागदावर किंवा दृष्टिपटलावर प्रत्यक्ष पडते त्याला ‘पिक्तुरा’, म्हणजे चित्र, म्हटले. पहिल्याला पाहणारा लागतो. दुसरे कोणी पाहो न पाहो, पडलेले असते. मराठीत पाठ्यपुस्तकांनी दोहोंना ‘प्रतिमा’ हे एकच नाव देऊन ‘आभासी’ आणि ‘वास्तव’ अशी विशेषणे लावली. पण जुन्या भाषेत सोय होती. प्रतिबिंब हे बिंबावाचून आणि पाहणाऱ्यावाचून टिकत नाही. प्रतिमा म्हणजे घडवलेली मूर्ती. भासाच्या ‘प्रतिमा’ नाटकात भरताला दशरथाच्या मृत्यूची वार्ता कळते ती त्याची मूर्ती पाहून. जो गेला त्याची मूर्ती राहते. जो गेला त्याचे प्रतिबिंब राहत नाही.

पुढील पुरावे लवकर जमले. शाइनरने १६१९ च्या ग्रंथात डोळ्याचा अभ्यास पुढे नेला. प्राण्यांच्या आणि नंतर माणसाच्या काढलेल्या डोळ्यांच्या मागच्या बाजूस उलटे चित्र प्रत्यक्ष पाहण्यात आले. देकार्तने १६३७ मध्ये बैलाच्या डोळ्याचा असाच प्रयोग वर्णिला. त्याचे खरे महत्त्व मात्र पुढच्या विचारात आहे. डोळ्यात चित्र पडते म्हणून मेंदूत आणखी एक डोळा बसून ते चित्र पाहत असेल असे मानू नये, असे तो बजावतो. मग साम्य नसताना ज्ञान कसे होते? त्याने दिलेला दाखला शब्दांचा आहे : शब्द ज्या वस्तूंचा बोध करून देतात त्यांच्यासारखे मुळीच नसतात, तरी बोध होतो. बर्कलीने १७०९ च्या निबंधात हाच धागा पकडून दृष्टी ही एक भाषाच आहे असे प्रतिपादले. आपण दिसणाऱ्या खुणांचा स्पर्शाच्या अनुभवाशी संबंध जोडायला शिकतो, जसे अक्षरांचा अर्थाशी. प्रतिमा उलटी आहे की सुलटी हा प्रश्नच मग निरर्थक ठरतो, कारण ती प्रतिमा कोणी पाहतच नाही. १८९७ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज स्ट्रॅटन याने जग उलटे दाखवणारी भिंगे आठ दिवस वागवली. आरंभी त्याचे हात चुकत होते. हळूहळू वावर सहज होत गेला. आधुनिक शरीरविज्ञानाचे आकडे हेच सांगतात. दृष्टिपटलावर सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि ६० लाख शंकुपेशी असतात. मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टितंतूंची संख्या मात्र सुमारे १० लाख. चित्र जसेच्या तसे वर जात नाही. दृष्टिपटलातच त्याची छाननी सुरू होते.

हा इतिहास साहित्याच्या अभ्यासकाने का वाचावा? एम. एच. एब्रम्स यांच्या १९५३ सालच्या ‘द मिरर अँड द लँप’ या ग्रंथाने आरसा आणि दिवा ही जोडी समीक्षेत रूढ केली : एकीकडे जगाचे अनुकरण करणारे मन, दुसरीकडे स्वतःचा प्रकाश टाकणारे मन. प्रकाशशास्त्राच्या इतिहासात पाहिले तर हा दिवा यूक्लिडच्या डोळ्याचा वंशज आहे. या जोडीत तिसऱ्या उपकरणाची उणीव आम्हांस जाणवते, ते म्हणजे भिंग आणि त्यामागचा पडदा. तेथे मन निष्क्रिय नाही आणि प्रकाश त्याचा स्वतःचाही नाही. नियमाने पडणारे, मुळासारखे नसलेले चित्र आणि ते वाचायला शिकलेला वाचक, अशी ती रचना आहे.

मार्क्स आणि एंगल्स यांनी १८४५-४६ मध्ये लिहिलेल्या आणि १९३२ साली समग्र प्रसिद्ध झालेल्या ‘जर्मन विचारप्रणाली’त अंधाऱ्या खोलीचे प्रसिद्ध रूपक येते. विचारप्रणालीत माणसे उलटी दिसतात, तेही दृष्टिपटलावरील चित्र उलटे पडावे तितक्याच नियमाने. हे रूपक उद्धृत करणारे पुष्कळ जण उलटे म्हणजे खोटे, म्हणून ते सुलट करणे हे समीक्षेचे काम, एवढाच अर्थ घेतात. पण दृष्टिपटलावरचे चित्र उलटे असूनही खोटे नसते. उलट, त्याच्याच आधारे आपण जगात न ठेचकाळता चालतो. साहित्यकृतीत समाज जसाच्या तसा नाही ही तक्रार, किंवा तो तसा आहे ही प्रशस्ती, या दोन्हींमागे चित्र सुलट असलेच पाहिजे हा केप्लरपूर्व आग्रह आहे. विचारायचा प्रश्न दुसरा आहे : कोणत्या बिंदूचा प्रकाश कोठे जाऊन पडला, कोणत्या नियमाने पडला, आणि ते वाचायला आपण कोणाकडून शिकलो?

आरशाचे विधान टाकून द्यावे असे आम्ही म्हणत नाही. ते गंभीरपणे घ्यावे एवढेच म्हणतो. आरसा काही साठवत नाही. त्यात काय दिसेल हे पाहणारा कोठे उभा आहे यावर ठरते. खोलीच्या एका कोपऱ्यातून खिडकी दिसते, दुसऱ्यातून दार. दलित आत्मकथनांनी मराठी वाचकाला जे दाखवले, ते आधीच्या पिढ्यांच्या आरशात नव्हते असे आपण म्हणतो. किरण तेव्हाही परतत होते. त्या जागी उभ्या असलेल्यांना ते दिसतही होते. त्यांच्या जागेवरून दिसणारे लिहिले आणि छापले गेले, तेव्हा प्रतिबिंबाची प्रतिमा झाली. वर्गात हे विधान पुन्हा येईल तेव्हा ‘समाज कोणता?’ या प्रश्नासोबत ‘पाहणारा कोठे उभा आहे?’ हाही प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटते.